क्रेनवरून दिसलेली उल्का

क्रेनवाल्या मामांच्या कानावर दिवसभरात मोजकेच शब्द पडत: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सावकाश, थांब. खालून इशारेवाला ते वॉकीटॉकीवर सांगायचा आणि ढगांच्या शेजारी काचेच्या केबिनमध्ये बसलेले मामा दांडे हलवायचे. बायको गेल्यापासून घरी तेवढेही शब्द नव्हते.

त्या संध्याकाळी नुकतंच अंधारलं होतं. खाली मोठमोठे दिवे लागले होते. सळ्यांचा भारा जमिनीपासून जेमतेम हातभर उचलला असेल, तोच समोरचं आभाळ उजळलं. चंद्राहून झगझगीत असा एक गोळा तिरपा खाली येत होता. दांड्यांच्या सावल्या मामांच्या मांडीवरून सरकत गेल्या. आपल्यासोबत कुणीतरी हे बघायला हवं, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"थांबा! अरे, बघा, बघा!"

इथेच घोटाळा झाला. क्रेनच्या कामात 'थांबा' कुणीही म्हटलं, तरी जागच्या जागी थांबायचं आणि भाऱ्यावर नजर ठेवायची. झाडून सगळी माणसं भाऱ्याकडे बघत राहिली. गोळ्याचे तुकडे झाले, विझले. दिव्यांच्या लखलखाटात कुणाला पत्ताही लागला नाही.

"भारा ठीक आहे, मामा. काय झालं?" इशारेवाल्याने विचारलं.

"उल्का गेली रे! केवढी मोठी!"

"उल्का? इथे माझा जीव घशाशी आला! डुलकी लागली होती का?"

मामांनी दांडा ओढला. भारा वर गेला, उतरला. रिकामा हूक परत फिरला आणि मग आवाज आला. लांबलचक, पोकळ गडगडाट. केबिनच्या काचा थरथरल्या. उजेड केव्हाच येऊन गेला होता, आवाज एवढ्या लांबून आता पोचत होता. खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या. वर काहीच नव्हतं.

"मामा," इशारेवाल्याचा सूर पार बदलला होता, "तीच का? कशी होती हो?"

मामांनी घाईघाईने बटण दाबलं. "हिरवी. म्हणजे आधी पांढरी, मग..."

"गप्पा नंतर!" मुकादमाने मध्येच तोडलं. "हूक खाली घ्या. सावकाश."

मामांनी बटणावरचं बोट काढलं. हूक सावकाश खाली सोडत ते उरलेलं सांगत राहिले. हिरवी कशी झाली, तुकडे कसे झाले, सावल्या मांडीवरून कशा सरकल्या. समोरच्या काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरत होती.