कुणासाठी खाकरायचं?

घरी पाहुणा यायचा म्हटलं की आपल्याकडे आधी अंगण सारवतात आणि मग घरातल्यांची तोंडं बंद करतात. "पाहुण्यांसमोर काही बोलू नका हं!" अशी ताकीद मिळत नाही असं घर दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. करंजपाड्याने तर ती सबंध गावाला दिली होती, कारण पाहुणे साधेसुधे नव्हते. नऊ देशांतले तीस प्रतिनिधी आसनगाव स्टेशनावर उतरून, किन्हवलीच्या रस्त्याची धूळ खात, पाच दिवसांच्या ग्रामविकास परिषदेला आले होते. साल एकोणीसशे एकसष्ट, पौषाचे दिवस.

स्वयंसेवकांचे प्रमुख होते यमाजी गुरुजी. बावीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलेला हा सरळ माणूस महिनाभर धड जेवलाही नव्हता. बुधाजी पाटलांनी कापणी झालेलं शेत मांडवाला दिलं होतं, शाळेत कचेरी थाटली होती, चाळीस जणांच्या छातीवर पिवळ्या फिती लागल्या होत्या. वेशीवरचा 'अतिथी देवो भव' हा फलक गुरुजींनी स्वतःच्या वळणदार अक्षरात रंगवला होता. शिवाय स्वयंसेवकांना जमवून त्यांनी बजावलं होतं, "गावातली गोष्ट पाहुण्यांत न्यायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

परिषदेच्या दुसऱ्याच सकाळी ती मूठ उघडायची वेळ आली.

गुरुजी कचेरीत हजेरी लिहीत होते. एल्साबाई आत आल्या आणि उभ्याच राहिल्या. या डेन्मार्कच्या नर्स, वय बत्तीस-तेहतीस. पुण्यात आठ महिने राहून मराठी शिकल्या होत्या. नवजात मूल दगावू नये म्हणून नाळ कशी कापावी, हे सुइणींना शिकवायला त्या आल्या होत्या. त्यांच्यापाशी शिकण्यासाठी सिद्धगडाच्या पायथ्यापासूनच्या चौदा वाड्यांतल्या सुइणी फडक्यात भाकऱ्या बांधून चालत आल्या होत्या.

"गुरुजी, मी आंघोळ करत होते," एल्साबाई म्हणाल्या. "न्हाणीच्या कुडातून एक माणूस बघत होता. काल पण होता. काल संध्याकाळी तो माझ्या मागे मागे तंबूपर्यंत आला. त्याच्या छातीवर पिवळी फीत आहे."

"कोण तो?"

"पाटलांचा भाऊ. चांगो."

गुरुजींच्या हातातला टाक थांबला. कुंपणच शेत खात होतं! आणि कुंपण तरी कुणाचं? ज्याच्या शेतात मांडव उभा, त्याच्या पाठच्या भावाचं.

"बाई, आमची माणसं अडाणी आहेत," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "गोरं माणूस त्यांनी कधी पाहिलेलं नाही. मनात वाईट नसतं हो. कुतूहल असतं."

"कुतूहल समोरून येतं, गुरुजी. विचारतं. हा मागून येतो."

"असं करा, उद्यापासून ऊन वर आल्यावर आंघोळ करा. एकट्या फिरू नका. आणि कृपा करून हे कुणापाशी बोलू नका. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

बघा! बघणारा मोकळा आणि बंधनं सगळी बाईला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की गुरुजींसारख्या भल्या माणसालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

एल्साबाई दाराकडे वळल्या. मग म्हणाल्या, "उद्या सकाळच्या मोटारीने मी जाते. मला भांडण नको. पण मला भीती वाटते, आणि भीत भीत शिकवता येत नाही."

त्या गेल्या. गुरुजींच्या डोळ्यांपुढे त्या चौदा वाड्यांतल्या म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. हात हलवत परत जातील, आणि विळ्याने नाळ कापणं पुन्हा सुरू होईल. ते तसेच उठले आणि शाळेमागच्या चुलवणापाशी गेले.

तिथे पाहुण्यांसाठी पाणी तापवायला धोंडीबाई होती. गावकुसाबाहेरच्या वाडीवरची, साठीच्या घरातली विधवा. तोंडाने फटकळ, पण अर्ध्या गावाला तान्हेपणी तिनेच न्हाऊमाखू घातलेलं.

"धोंडीबाई, तू दिवसभर इथं असतेस. न्हाणीपाशी काही पाहिलंस का?"

"पाहिलं की! काल पाहिलं, आज पाहिलं. आज तर जळतं लाकूड घेऊन धावले त्याच्यावर."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमाला?" धोंडीबाईने चुलीत लाकूड सारलं. "तुमीच ना बोल्लात, झाकली मूठ? मंग आमी मूठ झाकली."

गुरुजी ओशाळले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "पण आपल्या गावात असं व्हावं याचंच नवल वाटतं. बायांचा केवढा मान इथं! दारू पिऊन झोकांड्या खाणारा झिपरूसुद्धा पाणवठ्याच्या वळणावर खाकरतो."

ते खोटं नव्हतं. नदीच्या पाणवठ्यावर गावच्या बाया धुणं धुवायला, अंघोळीला उतरत. वाट तिथे वळण घेऊन खाली जाई. त्या वळणावर पुरुषाने थांबायचं, मोठ्याने खाकरायचं, खालून "या" असं ऐकू आल्यावरच पुढे पाऊल टाकायचं, हा करंजपाड्याचा पिढ्यान् पिढ्यांचा दंडक. कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेलाही नाही. गुरुजींना त्याचा भारी अभिमान.

धोंडीबाईने कमरेवर हात ठेवले. "खाकरता ना? कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? बायांसाठी."

"कंच्या बायांसाठी, गुरुजी? खालच्या डोहावर आमच्या वाडीच्या बाया उतरतात. चाळीस वरसं मी तिथं जाते. गावातला येक गडी खाकरल्याचं या कानांनी ऐकलं नाय. तुमी पण नाय."

गुरुजींना बाजाराची वाट आठवली. दर रविवारी ते किन्हवलीच्या बाजाराला त्याच डोहावरून जात. तिथे बाया दचकून पदर सावरत उठतात, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. खाकरावं असं एकदाही मनात आलं नव्हतं.

"आमी वाडीच्या, म्हणून आमच्यासाठी नाय," धोंडीबाई म्हणाली. "ती गोरी, म्हणून तिच्यासाठी नाय. मंग तुमचं खाकरणं बाईसाठी नायच, गुरुजी! त्या बाईचा बापभाऊ कोयता घेऊन येल, त्याला भिऊन हाय."

चुलीतल्या धुराने डोळे चुरचुरत होते, पण गुरुजी तिथून हलले नाहीत. बावीस वर्षांत त्यांना कुणी असा धडा दिला नव्हता.

"तिला काहीही करून थांबवलं पाहिजे," ते शेवटी म्हणाले. "किती कामाची बाई आहे!"

"कामाची हाय म्हणून नका थांबवू. कामाची नसती, तर कुणी बघितलेलं चाललं असतं का?"

गुरुजींनी टोपी सारखी केली आणि तडक मांडव गाठला. बुधाजी पाटील खुर्चीवर बसून हार मोजत होते. बाजूला चांगो, तीस वर्षांचा दांडगा गडी, पान चघळत उभा होता. गुरुजींनी सगळं सांगितलं.

पाटील हसले. "सोडा ओ गुरुजी! गडीमाणूस हाय. बघितलं तर तिचं काय झिजलं?"

"पाटील, तुमच्या घरच्या बाईला कुणी असं बघितलं असतं तर?"

"उभा चिरला असता!"

"मग या बाईसाठी कुणाला चिरू नका. नुसती फीत काढून द्या."

पाटलांचं हसू मावळलं. चांगो छाती पुढे काढून उभा राहिला, जणू म्हणत होता, काढून दाखवा. आणि काय सांगावं, आयुष्यात कुणाला मोठ्याने न बोललेल्या यमाजी गुरुजींनी पुढे होऊन त्याच्या छातीवरची फीत टाचणीसकट उपटून काढली!

"पुन्हा परिषदेच्या हद्दीत दिसलास, तर शहापूरच्या फौजदाराकडे मी स्वतः घेऊन जाईन तुला!"

"गुरुजी!" पाटील ताडकन उठले. "शेत माझं हाय. मांडव आताच्या आता सोडवीन!"

"सोडवा. शाळेच्या अंगणात बसू. ऊन लागेल, पण लाज वाटणार नाही."

पाटलांनी भावाकडे बघितलं. चांगोने मान खाली घातली, आणि ही नुसती गंमत नव्हती, हे पाटलांना कळलं. ते भावाला एवढंच म्हणाले, "घरी चल." मांडव काही सुटला नाही.

दुपारच्या सभेत गुरुजी बोलायला उभे राहिले. दुभाष्या त्यांचं एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होता.

"पाहुणे हो, गावकरी हो! आज सकाळी एका बाईंनी माझ्याकडे तक्रार केली आणि मी त्यांनाच गप्प राहायला सांगितलं. चूक त्यांची नव्हती. त्यांना त्रास देणाऱ्याची होती, आणि नंतर माझी. त्या माणसाला मी काढलं आहे. बाईंची मी सर्वांदेखत क्षमा मागतो. इथून पुढे नऊ देशांतल्या पाहुण्यांना आणि गावच्या माणसांना नियम एकच. कुणाच्या न्हाणीपाशी, तंबूपाशी, पाणवठ्यापाशी आवाज दिल्याशिवाय जायचं नाही. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही, कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. कुणी नको म्हटलं की तिथं थांबायचं. ज्याला त्रास होईल त्याने चुलवणापाशी धोंडीबाईंना सांगावं. कुणालाही गप्प बसायला सांगितलं जाणार नाही. पाहुण्यांना नाही, आणि गावालाही नाही!"

मग हॉलंडचे एक पिकल्या केसांचे गृहस्थ उठले. काल खालच्या डोहावर आपण बायांचे फोटो काढले, त्या तोंड फिरवत होत्या तरी काढले, असं त्यांनी सांगितलं आणि हात जोडले. मग ते फोटो नासावेत म्हणून त्यांनी कॅमेऱ्यातली फिल्म काढून उन्हात उलगडली. सभा संपल्यावर एल्साबाई गुरुजींपाशी आल्या.

"उद्याची मोटार मी सोडते," त्या म्हणाल्या. "सुइणींना सांगा, वर्ग तीन वाजता."

गुरुजींना वाटलं, सुटलो! पण वाचकहो, ते सुटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चुलवणाकडे निघाले. एखाद्या परदेशी बाईची आणखी काही तक्रार असली तर ऐकून घ्यावी, असा त्यांचा विचार होता. तिथे चार बायका जमिनीवर बसल्या होत्या. त्यांत परदेशी एकही नव्हती. दोघी वाडीवरच्या, एक वरच्या आळीतली. चौथी पदराने तोंड झाकून बसली होती. तिच्या हातातल्या बांगड्या गुरुजींनी गेल्याच दिवाळीत मुरबाडहून आणल्या होत्या. ती त्यांची सावळी होती, त्यांची एकुलती एक मुलगी.

"तू इथं का गो?" गुरुजींनी विचारलं.

सावळीने मान वर केली नाही. "मागल्या शिमग्यापासून चांगो वाटेत आडवा येतो, आबा. दोनदा हात धरला त्याने."

"वर्ष होत आलं! मला नाय सांगायचं?"

"सांगणार होते." ती हळूच म्हणाली. "पण तुमी बोल्ला असतात, गप राहा. अब्रू जाईल."

गुरुजी तिच्यापुढे जमिनीवर बसले. पोरीचा शब्द न् शब्द खरा होता. काल सकाळपर्यंत त्यांनी अगदी हेच सांगितलं असतं. त्यांना रडू कोसळलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. ज्या पोरीसाठी गावातला प्रत्येक गडी वळणावर खाकरत होता, तिलासुद्धा त्या खाकरण्याने वाचवलं नव्हतं. तिला आधी बोलता यायला हवं होतं, आणि तिच्या बापाला ऐकता.

धोंडीबाईने सावळीच्या पाठीवरून नुसता हात फिरवला.

थोड्या वेळाने गुरुजींनी डोळे पुसले, कचेरीतून कागद आणवला आणि मांडीवर पाटी घेतली. "धोंडीबाई, तुमी पण बसा," ते म्हणाले. "एकेकीने सांगा. घाई नाही. मी लिहून घेतो, आणि आजच शहापूरला जातो."

मित्रहो, पाहुण्याचा मान म्हणजे हारतुरे नव्हेत. आपल्या गावात त्याला निर्धास्त झोप लागावी, नको ते नको म्हणता यावं, हा खरा मान. आणि तो घरच्या माणसाला मिळत नसेल तर पाहुण्याला कुठून मिळणार? बाई परदेशातली असो, वाडीवरची असो की पोटची. तिला गप्प बसवून कुणाची अब्रू राखली जात नाही, फक्त गुन्हेगार राखला जातो. यमाजी गुरुजींच्या घरात हे कळायला एक वर्ष उशीर झाला. आपल्या घरात कुणी काही सांगायचं राहून गेलं आहे का, ते आज संध्याकाळी जेवायला बसण्याआधी विचारून बघा.