करंगळीचं लग्न

पियानोवर स्केलचा सराव करणं म्हणजे काय, हे ज्यानं केलेलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. आठ सूर चढायचे, आठ उतरायचे, पुन्हा चढायचे. पोचायचं म्हणाल तर जिथून निघालो तिथंच. मोठ्यांना यात काहीतरी थोर वाटतं. दहा वर्षांच्या पोरीला कंटाळा येतो, आणि खरं सांगायचं तर पोरीचंच बरोबर असतं.

नागलक्ष्मीलाही तसंच वाटायचं. तिच्या वडिलांनी तिला छडी समोर ठेवून शिकवलं होतं. वडिलांचे आजोबा तंजावरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये वाजवायचे. तेव्हापासून या मराठी घरात विलायती सूर शिरले ते निघालेच नाहीत. पुढे एक इंग्रज इंजिनियर मायदेशी जाताना पियानो मागे सोडून गेला, तो वडिलांनी बैलगाडीत घालून कुंभकोणमला आणला. वाळवी लागू नये म्हणून त्याचे पाय पाण्याच्या वाडग्यांत उभे असायचे. शेजारीपाजारी सगळे वीणेवाले. ते त्याला नुसतं ‘पेट्टी’ म्हणायचे. नागलक्ष्मी ऐन तारुण्यात विधवा होऊन धाकट्या भावाच्या, व्यंकोजी वकिलांच्या घरी परत आली, तेव्हा तिच्या वाट्याला स्वयंपाकघर, देवघर आणि ही पेट्टी एवढंच आलं. मूलबाळ नव्हतं. भावाची धाकटी मुलगी गोमती पाच वर्षांची झाली तशी तिनं तिला पियानोपुढे बसवलं, आणि मनाशी ठरवलं की या खोलीत छडी यायची नाही.

छडीऐवजी तिनं गोष्टी आणल्या. आणि काय एकेक गोष्टी! स्केलची तिनं आगगाडी केली. पहिला सूर कुंभकोणम्, दुसरा स्वामीमलै, तिसरा सुंदरपेरुमाळ कोयिल, असं करत आठवा सूर तंजावर. मधली एखाददुसरी ठेसनं गाळली, पण त्याबद्दल रेल्वेनं कधी तक्रार केली नाही. पापनाशम् आलं की अंगठ्यानं मान वाकवून बाकीच्या बोटांखालून पलीकडे जायचं, कारण तिथं पूल होता. म्हणजे, पूल आहे असं नागलक्ष्मी म्हणायची. गोमती शिट्टी फुंकायची, तिकिटं तपासायची, घाटातून आल्यासारखी धापा टाकायची, आणि या नादात रोज तासभर स्केल वाजवून मोकळी व्हायची. शेजारच्या पोरींना वीणेपुढे बसवायला त्यांच्या आयांच्या नाकी नऊ यायचे, आणि इकडे हिला पेट्टीवरून उठवावं लागायचं. पुढच्या वर्षी तिरुचीला परीक्षेला बसवायचं, असं नागलक्ष्मीच्या मनात होतं. आयुष्यात आपल्या हातून एक तरी गोष्ट धड होतेय, याचा तिला आनंद होता, आणि तो ती लपवायची नाही.

पंचावन्न सालच्या आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, गाडी तंजावरला पोचेनाशी झाली.

शेवटचा सूर करंगळीचा. तो कधी अर्धवट लागायचा, कधी लागायचाच नाही. गोमतीची करंगळी पट्टीवर पडायची ती ओल्या फडक्यासारखी.

“करंगळी झोपली काय ग?” नागलक्ष्मीनं विचारलं.

“मी दाबितेंच आहें, आत्या. तिज ऐकूंच येत नाहीं.”

नागलक्ष्मी हसली. तिला तो पोरीचा आळस वाटला, आणि आळसावर तिच्याकडे औषध होतं. तिनं करंगळीला गूळ भरवला, तिला रुसलेली राजकन्या केलं, तिची समजूत काढली. राजकन्या काही ऐकेना. शेवटी नवरात्र आलं. घरात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडल्या गेल्या, त्यात लाकडी नवरानवरीची जोडी होती, आणि ती पाहून नागलक्ष्मीला नवीन युक्ती सुचली. करंगळीचं शेजारच्या बोटाशी लग्न लावायचं. दोन्ही बोटं एकत्र बांधली की नवरा बायकोला ओढून नेईल. तिनं हळदीनं पिवळा केलेला दोरा घेतला, गोमतीच्या उजव्या हाताच्या त्या दोन बोटांना गुंडाळला, आणि तमिळ लग्नात मंगळसूत्राला मारतात तशा तीन गाठी मारल्या. गोमतीनं तोंडानं नादस्वर वाजवला. दोघी पोट धरधरून हसल्या.

दोन दिवस घर पाहुण्याबायकांनी भरलेलं. हरभऱ्यांचं सुंडल प्रसादाला वाटण्यात आणि आरत्या म्हणण्यात नागलक्ष्मीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं गोमतीला तेल लावून न्हायला बसवलं, तेव्हा हात पाहिला. दोरा दिसतच नव्हता. तो करंगळीच्या मांसात रुतून गेला होता. बोट काळंनिळं होऊन सुजलं होतं, आणि गाठीपाशी पू धरला होता.

“अय्यो, हें काय! सोडलें कां नाहीस? सांगितलें कां नाहीस मज?”

“लग्न झालेलें सोडायचें नसतें ना?” गोमती म्हणाली. “आणि आत्या, मुळींच दुखत नाहीं.”

नागलक्ष्मीनं कातरीचं टोक मांसात घालून दोरा कापून काढला. रक्त आलं. पोर शेजारच्या हंड्यात स्वतःचं तोंड पाहून वेडावून दाखवत बसली होती.

कुंभकोणमच्या माणसाला हे कुणी समजावून द्यावं लागत नाही. कावेरीच्या घाटावर, देवळांच्या दारांत बोटं झडलेली माणसं बसलेली असतात. त्यांच्यासमोर नाणं टाकताना हात लागू नये म्हणून वरून टाकायचं, हे इथं मूल चालायला लागलं की शिकतं. नागलक्ष्मीनं गोमतीला डोळे मिटायला सांगितले आणि फुलं ओवायची सुई घेतली. मनगटाच्या कडेला टोचली, कोपराखाली टोचली. “कधीं टोचणार, आत्या?” गोमतीनं विचारलं. कोपराजवळ एक फिकट डाग होता. शिबं आलंय म्हणून तिची आई भागीरथी त्याला महिनोन्‌महिने हळद लावत होती.

महारोग. नागलक्ष्मीच्या तोंडून तो शब्द निघाला नाही.

त्याच संध्याकाळी तिनं भावाला आणि भावजयीला सगळं सांगितलं. व्यंकोजीनं आधी दार लावून घेतलं.

“औषध आहे आतां,” नागलक्ष्मी म्हणाली. “गोळ्या देतात. लवकर दाखविलें तर हात वांचतो म्हणतात. उद्यांच नेतें मी.”

“अक्का, जयाचें लग्न आहे थाईंत.”

जयलक्ष्मी ही त्याची थोरली मुलगी. थाईत, म्हणजे संक्रांतीच्या महिन्यात, तिचं लग्न कोइंबतूरच्या घराण्यात ठरलं होतं, आपल्यांतल्याच. आणि आपल्यांतले असे कितीसे होते? मराठी राजांच्या वेळी आलेली घरं, हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी. तंजावरला कुणी शिंकलं तर मद्रासहून औषध घेतलं का म्हणून पत्र यायचं. महारोग्यांच्या दवाखान्याच्या दारात वकिलांची बहीण दिसली की संपलं. जयाचं हे लग्न तर मोडेलच, पुढचंही जमणार नाही.

“थाईपर्यंत थांब,” व्यंकोजी म्हणाला. “लग्न होऊं दे. मग तूंच ने तिज, मी आडवा येणार नाहीं.”

नागलक्ष्मी थांबली. थाई काही लांब नव्हता. पण थाई तोंडावर आला आणि नवऱ्यामुलाचे आजोबा वारले. लग्न वैकासीवर गेलं, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. नागलक्ष्मी पुन्हा भावापुढे उभी राहिली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. भांडायची तिची तयारी होती. तो रडला. कोर्टात दणदणीत बोलणारा माणूस तिच्या पायांशी बसून पोरासारखा रडला, आणि म्हणाला, “एकीचा हात कीं दुसरीचा जन्म, अक्का, तूंच सांग.”

इथं नागलक्ष्मी चुकली. तिला दुसरं घर नव्हतं, भावाचं मीठ खात होती, जयावरही तिचा जीव होता, हे सगळं खरं. पण त्या घरात गोमतीच्या बाजूनं बोलेल असं तीच एक माणूस होती, आणि ती गप्प बसली. हे सांगताना राग येतो. तिलाही तो स्वतःचा यायचा.

आणि गप्प बसून ती काय करत होती? सराव घेत होती. मासी महिन्यात, शिवरात्रीच्या सुमारास, कोइंबतूरची माणसं बोलणी नव्यानं पक्की करायला येणार होती. धाकटी पियानो वाजवते हे त्यांना ठाऊक होतं. ती वाजवायला बसली नसती तर का नाही, असा प्रश्न आला असता. गोमतीची ती दोन बोटं आता आत वळू लागली होती. म्हणून नागलक्ष्मीनं तीन बोटांचा सराव बसवला. दोन बोटं माहेरी गेलीत, ती येईपर्यंत घर तिघांनी चालवायचं, असा खेळ काढला. अंगठ्याला दुप्पट धावायला लावलं. इतका सुरेख खेळ तिनं आधी कधी रचला नव्हता. गोमती त्यात अशी रमली की जेवायची हाक ऐकू येईना. आतला सूर चुकला की तीच ओरडायची, “घरांत माणूस कमी आहे, सांभाळून!”

पाहुण्यांसमोर तिनं न अडखळता वाजवलं. नवऱ्यामुलाची आई कौतुकानं म्हणाली, “पाहिलें का, दोन बोटें कशी ऐटींत दुमडून धरिते! मडमा अशाच वाजवितात.” सगळे हसले. व्यंकोजीही हसला. भागीरथी कॉफी आणायच्या निमित्तानं आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. गोमती मात्र खूश होती. त्या दिवसापासून तिला वाटू लागलं की बोटं दुमडलेलीच चांगली दिसतात.

वैकासीत जयाचं लग्न थाटात झालं. ती कोइंबतूरला गेली. मांडव उतरला, उसनी आणलेली भांडी परत गेली, आणि व्यंकोजीनं बहिणीला नुसतं म्हटलं, “आतां जा.” भागीरथीनं गोमतीचं ताट कधीच वेगळं काढून ठेवलं होतं. पोरीला सांगितलं होतं की ते चांदीच्या किनारीचं आहे म्हणून खास तिचं. ही युक्ती तिनं नणंदेकडूनच उचलली असणार.

दवाखाना गावाबाहेर होता. दोघी बसनं गेल्या. डॉक्टर वयस्कर, तमिळ, थकलेल्या आवाजाचे. पण त्यांनी गोमतीचा हात सहज आपल्या हातात घेतला, आणि ते पाहून नागलक्ष्मीला रडू आवरेना. गेल्या कित्येक महिन्यांत त्या हाताला तिच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. डॉक्टरांनी कोपरामागची शीर चाचपली. ती दोरखंडासारखी जाड झाली होती. त्यांनी अंगठ्याजवळचा मांसल भाग दाबून पाहिला. तिथं खळगा पडला होता. मग त्यांनी ती दोन बोटं सरळ करायला सांगितली. गोमतीनं ओठ चावून जोर लावला. बोटं हलली नाहीत.

“रोगाला औषध आहे,” डॉक्टर नागलक्ष्मीला म्हणाले. “काही वर्षं घ्यावं लागेल, पण बरी होईल. बोटांचं निराळं. ती वाकायला लागून थोडेच दिवस झाले असतील तर औषधानं आणि व्यायामानं पुन्हा सरळ होतात. फार दिवस काढले असतील तर ती अशीच राहतात. केव्हापासून आहे हे?”

नागलक्ष्मीनं तोंड उघडलं. नवरात्रापासून, आडीपासून, असं काहीतरी सांगायला तिनं उघडलं होतं.

“आत्ताच,” गोमती म्हणाली. तिनं ते चटकन, स्वच्छ तमिळमध्ये सांगितलं, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखं. “जयाअक्काच्या लग्नानंतर. नाही का, आत्या?”

डॉक्टरांनी नागलक्ष्मीकडे पाहिलं. तो खळगा लग्नानंतर पडलेला नाही, हे त्यांच्या बोटांना आधीच कळलं होतं.

“होय,” नागलक्ष्मी म्हणाली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि गोमतीला व्यायाम दाखवला: कोमट तेल लावायचं, डाव्या हातानं एकेक बोट धरून हळूहळू ओढायचं, सरळ ठेवायचं, सोडायचं. रोज, न चुकता, वर्षानुवर्षं. “कंटाळवाणं आहे,” ते म्हणाले, “पण सोडायचं नाही.”

“मज कंटाळा येत नाहीं,” गोमती आत्याकडे वळून मराठीत म्हणाली.

बाहेर येऊन दोघी बसची वाट पाहत करंजाच्या झाडाखाली उभ्या राहिल्या. गोमतीनं तिथंच करंगळी ओढायला सुरुवात केली. ओढली की ती सरळ व्हायची, सोडली की आपल्या जागी परत जायची.

“आत्या, मी बरोबर सांगितलें ना?” तिनं विचारलं. “फार दिवस म्हटलें असतें तर झालीं नसतीं. आतां होतील ना सरळ?”

“होतील,” नागलक्ष्मी म्हणाली.

“मग ह्यास खेळ कोणता? सांग ना. तूं खेळ केलास कीं मज लवकर येतें.”

नागलक्ष्मीनं तिचा हात हातात घेतला. करंगळी हळूच सरळ केली आणि तशीच धरून ठेवली. बस आली, थांबली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली, तरी तिला ते बोट सोडवेना.