एटेल्काच्या घरातली हिरवी शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे, पण स्वयंपाकाची नव्हे. माझ्यावर कुणी काही शिजवत नाही. मी खोलीच्या कोपऱ्यात उभी असते, चांगली पुरुषभर उंच, आणि बुडापेस्टच्या हिवाळ्यात घर उबदार ठेवते. बाहेरून माझ्या अंगावर हिरव्या चकचकीत मातीच्या फरश्या आहेत आणि आत विटांची वळणं. धूर त्या वळणांतून फिरत फिरत धुराड्यात जातो आणि जाताना आपली ऊब माझ्यापाशी ठेवून जातो. म्हणून आग विझल्यावरही मी रात्रभर कोमट राहते. माझं सगळंच हळू चालतं. बोलणंसुद्धा. सांभाळून घ्या.

दक्षिणेकडच्या एका कुंभारांच्या गावात माझ्या फरश्या भाजल्या गेल्या. गाडीतून गवतात गुंडाळून त्यांना शहरात आणलं आणि या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, एका शिंप्याच्या घरी मला रचलं. मधे चौक, चारही बाजूंनी लोखंडी कठड्याचा सज्जा आणि सज्ज्यावर सगळ्यांची दारं, अशी ही इमारत. शिंप्याची बायको मला रोज ओल्या फडक्यानं पुसायची. पाहुणे आले की म्हणायचे, "काय सुरेख हिरवा रंग!" आणि ती अशी लाजायची, जणू तो रंग तिनंच दिला होता.

ती माणसं गेली, दुसरी आली, तीही गेली. घर नगरपालिकेचं झालं. मग माझं धुराडं धोक्याचं ठरलं, माझ्या दाराला तार गुंडाळली आणि खोलीला कुलूप लागलं. वर्षं गेली. खिडकीची काच फुटली तशी कबुतरं आली. माझ्या पोटातली माती भुगा होऊन गळू लागली. खाली इमारतीच्या दारात थंडीच्या दिवसांत कुणी ना कुणी पुठ्ठा अंथरून झोपायचं, त्यांचा खोकला मला ऐकू यायचा. वर मी रिकामी, खाली ती माणसं, आणि मधे एक कुलूप. मला फार काही कळत नाही मित्रांनो, पण एवढं कळत होतं की यात काहीतरी चुकतं आहे.

नगरपालिकेकडे अशा बंद खोल्या पुष्कळ होत्या, पण दुरुस्तीला पैसा नव्हता. चेंगे नावाची एक तरुण मुलगी बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेत होती. तिच्याकडे घराची वाट बघणारी माणसं होती, पण खोली एकही नव्हती. एका कारखान्याकडे उरलेला रंग होता. धुराड्यांची तपासणी तिसऱ्याच खात्याकडे. या सगळ्यांना एका ठिकाणी बसवायला चेंगेला इतका काळ लागला, की तेवढ्यात तिच्या यादीतली काही माणसं थंडीनं गेली. नगरपालिकेच्या बोडोर बाई पहिल्यांदा खोली बघायला आल्या तेव्हा जिना चढून धापा टाकत होत्या. "मला अजून तीन बैठका आहेत," त्या म्हणाल्या, आणि बसायला खुर्ची शोधू लागल्या. खुर्ची नव्हती. त्या उभ्यानंच सह्या करून गेल्या.

मग काम सुरू झालं. कारखान्यातली माणसं सुट्टीच्या दिवशी हौसेनं रंग द्यायला आली आणि भिंतींबरोबर खिडकीच्या काचाही रंगवून गेली. धुराडं नवीन नळी घालून दुरुस्त झालं. मिक्सा आजोबा नावाच्या म्हाताऱ्या शेगडीवाल्यांनी मला फरशी फरशी करून उतरवलं आणि ताज्या ओल्या मातीत पुन्हा रचलं. ठरलं असं, की एक हिवाळा बघायचा. सगळं नीट पार पडलं तर बाकीच्या बंद खोल्याही उघडायच्या. तक्रार आली, नुकसान झालं, तर ही खोलीसुद्धा परत.

आणि चेंगेच्या यादीतली एटेल्का आली. तिच्याबरोबर तिचा नवरा वेंडेल. रात्रीच्या निवाऱ्यात बायकांना एकीकडे आणि पुरुषांना दुसरीकडे झोपवतात. यांना वेगळं व्हायचं नव्हतं, म्हणून सात हिवाळे दोघं शहराबाहेरच्या रानात फळ्या ठोकून केलेल्या खोपटात राहिली होती. एटेल्का दार उघडून आत आली, पण बराच वेळ खोलीच्या मधोमध नुसती उभी राहिली. भिंतीला टेकलीसुद्धा नाही. रंग ओला असेल असं तिला वाटलं असावं. रंग कधीच वाळला होता. मग ती माझ्यापाशी आली आणि मला पालथा हात लावून बघितला, आपण तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो तसा.

आता मित्रांनो, एक गोष्ट सांगते. नव्यानं रचलेली शेगडी ओली असते. पहिले काही आठवडे तिच्यात मूठभर काटक्याच जाळायच्या, उगीच नावाला. माती हळूहळू वाळू द्यायची. एकदम मोठी आग घातली तर आतलं पाणी वाफ होऊन वाट फोडतं. पण वेंडेलनं सात वर्षं रानात तेलाच्या पिंपात आग केली होती. पिंप भरभरून पेटवावं लागतं, नाहीतर ऊब पत्र्यातून वाऱ्यावर जाते. पहिल्या कडक थंडीच्या संध्याकाळी त्यानं बायकोला खुर्चीत बसवलं, माझ्या पोटात मोठाले ओंडके ठासून भरले आणि म्हणाला, "आज तुला घाम येईपर्यंत पेटवतो."

मी खूप धरून ठेवलं. मग कडाड आवाज झाला. माझी एक फरशी फुटून उडाली, सांधे उकलले आणि धूर सज्ज्यावर गेला. वरच्या मजल्यावरच्या गिझी काकू खोकत बाहेर आल्या. ही माणसं इथे नकोत असं त्या पहिल्यापासून म्हणत होत्या. त्यांनी नगरपालिकेला फोन लावला.

सकाळी सगळे माझ्यासमोर जमले. गिझी काकूही दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणाचा कुणावर राग नव्हता, रागावण्याइतकी ताकद कुणात नव्हती. बोडोर बाई म्हणाल्या, हळू पेटवायचं हे त्यांनी चेंगेला सांगितलं होतं. चेंगेनं ते आपल्या कार्यकर्त्यांना सांगितलं होतं. कार्यकर्त्यांना वाटलं, शेगडीवाले सांगतील.

"मी बाईसाहेबांना सांगितलं," मिक्सा आजोबा म्हणाले. "आणखी कुणाला सांगायला हवं होतं? कबुतरांना?"

वेंडेल पिशवीत कपडे भरत होता. "चल एटेल," तो हळूच म्हणाला. "रानातलं आपलं पिंप अजून कुणी नेलं नसेल."

एटेल्का उठली नाही. ती खुर्चीत बसूनच म्हणाली, "सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं. पेटवणार कोण, हे विचारलंत का कुणी?"

बोडोर बाई हातातल्या हातमोज्याकडे बघत राहिल्या.

"मला तरी कुठे विचारलं?" गिझी काकू दारातून म्हणाल्या. "इथे कोण येणार, कधी येणार, काही नाही. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी खाली येऊन सांगितलं असतं, अरे बाबा, ही पिंप नव्हे, म्हातारी आहे. हिला दमानं घ्यावं लागतं." मग त्या वेंडेलकडे वळल्या. "पिशवी ठेव खाली. तक्रार माझी आहे, मी घेते मागे. पण आजपासून काडी माझ्या हातात. तू नुसतं बघायचं."

"तुमच्या देखरेखीपेक्षा रान बरं," वेंडेल पुटपुटला. पण पिशवी त्यानं खाली ठेवली.

बोडोर बाई म्हणाल्या, नुकसान झालं ते झालंच, ते वर सांगावंच लागेल, आणि निर्णय त्यांच्या एकटीच्या हातात नाही. मिक्सा आजोबांनी मला पुन्हा सांधलं. तसली हिरवी फरशी आता मिळत नाही, म्हणून त्यांनी छातीवर एक तपकिरी बसवली. ती मला शोभत नाही, पण चालतं.

तो हिवाळा फार लांबला. रोज संध्याकाळी गिझी काकू खाली यायच्या. मूठभर काटक्या, मग दोन मुठी, मग एखादं बारीक लाकूड. त्यांचं आणि वेंडेलचं रोज भांडण, आणि भांडण संपलं की पाप्रिकाची लाल पूड घालून केलेले बटाटे तिघांत वाटून. एटेल्का मात्र जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की हातातला चमचा खाली ठेवायची. घर आहे की नाही, हे ज्याला माहीत नाही, मित्रांनो, त्याला जेवण गोड लागत नाही.

मार्चमध्ये एका दुपारी ते पाऊल बोडोर बाईंचं निघालं. जिना चढून त्या नेहमीसारख्याच धापा टाकत होत्या. या वेळी एटेल्कानं खुर्ची पुढे केली आणि माझ्या अगदी जवळ ठेवली. बाई बसल्या आणि कालच्या भाजीचा भाव सांगावा तशा सपाट आवाजात म्हणाल्या, की हे घर तुमच्याकडेच राहणार. मागच्या जिन्यावरच्या बंद खोल्याही उघडायच्या. आणि तिथे राहायला येणाऱ्यांना पहिली आग कशी करायची, हे कागदावर लिहून द्यायचं नाही. वेंडेलनं जाऊन दाखवायचं. तसं नगरपालिकेच्या बैठकीत त्यांनीच मांडलं होतं, आणि दुसऱ्या दोन बैठकांत पुन्हा मांडावं लागलं होतं.

वेंडेल खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. एटेल्का काहीतरी विचारायला वळली, तर बाईंचं डोकं माझ्या फरश्यांना टेकलं होतं. डोळे मिटले होते. हातात पिशवी तशीच.

एटेल्कानं ती पिशवी हळूच काढून घेतली आणि स्वतःचा कोट त्यांच्या अंगावर घातला. वेंडेल लाकूड उचलायला वाकला, तर तिनं बोट ओठांवर ठेवलं. आवाज करू नकोस. पाहुणी झोपली आहे.

मित्रांनो, माझं मागणं लहानसं आहे. कुणासाठी घर उभं करायला चार लोक बसाल तेव्हा जो तिथे राहणार आहे, त्यालाही बोलवा. त्याच्या शेजाऱ्यालाही बोलवा. आणि नव्या घरात आलेल्या माणसाला घाई करू नका. त्याच्याही आत पुष्कळ ओल असते, ती हळूहळूच वाळते.

त्या दुपारी माझ्यात आग नव्हती, सकाळचीच ऊब काय ती उरली होती. मीही आता दमलेली आहे. पण बाई जाग्या होईपर्यंत ती मी निवू दिली नाही.