कानातला मेव्हणा

"बंदुकीच्या आवाजाला जो भितो, त्याने बंदूक हातात धरूच नये!" नेमबाजी केंद्राचे उस्ताद रोज सकाळी गर्जत. सत्तावीस वर्षांत हे एकाही शिकाऊ नेमबाजाला ऐकू गेलं नव्हतं, कारण समोरचे सगळे कानांवर जाडजूड इअरमफ चढवून उभे असत.

उस्तादांचे कान मात्र उघडे. त्याचं बक्षीस म्हणून कानात एक बारीक शिट्टी कायमची वस्तीला आली होती. जेवताना वाजे, दाढी करताना वाजे. तिची सवय झाली होती. पण गेल्या महिन्यापासून त्या शिट्टीत एक माणूस राहायला आला होता.

झालं होतं असं. टार्गेटचे कागद बदलायचं काम त्यांच्या मेव्हण्याकडे. तो अजून मैदानात होता, "दाजी, थांबा!" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होता, आणि उस्तादांनी इशाऱ्याचा हात खाली आणत "फायर!" म्हटलं. टोपी गेली, मेव्हणा राहिला. आपल्या बहिणीला, म्हणजे उस्तादांच्या बायकोला, त्याने सांगितलं, वाऱ्याने उडाली. केंद्राने मात्र उस्तादांना कान तपासून यायला सांगितलं.

तेव्हापासून शिट्टीच्या तळातून हाक येई: दाजी, थांबा. झपाटलेली माणसं पुष्कळ असतात. पण ज्याचं भूत तोच दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसून बिस्किटं खातोय, हा प्रकार विरळा.

"आवाज आला की बटण दाबायचं, दाजी," मेव्हणा म्हणाला. "नापास झालात तर दिवसभर घरी. ताईसमोर. विचार करा."

काचेच्या खोलीतली शांतता अंगावर येत होती. कानाला हेडफोन लागले. शिट्टी. मग हाक. उस्तादांनी बटण दाबलं. पुन्हा हाक, पुन्हा बटण. हाक जवळ येत चालली.

डॉक्टरबाईंनी दार उघडलं. "काका, मी मशीन अजून सुरूच केलेलं नाही."

'बोट घसरलं' म्हणायला उस्तादांनी तोंड उघडलं. काचेपलीकडून मेव्हण्याने अंगठा वर केला. त्याचं तोंड मिटलेलं होतं. हाक येतच होती.

"लिहा, बाई," उस्ताद म्हणाले. "या माणसाला मैदानावर हुकूम देऊ देऊ नका."

बाईंनी लिहिलं. उस्तादांनी कागद हातात घेतला, लांब धरला, मग नाकाशी आणला.

"सही करायची तिथे जरा बोट ठेवता का? चष्मा लागतो हे अजून केंद्रात कुणाला सांगितलेलं नाही."