चासीचा आवाज

एखादी जुनी गाडी दुरुस्त करावी की भंगारात घालावी, हे सांगायला मिस्त्रींना फक्त एक हातोडी आणि एक खडू लागायचा. ते गाडीखाली सरपटत जायचे. ज्या लोखंडी सांगाड्यावर गाडीचा बाकी सगळा संसार उभा असतो त्या चासीवर वीतवीतभर अंतरानं हातोडी मारत पुढे सरकायचे. लोखंड चांगलं असेल तर ठण् वाजतं आणि तो आवाज जरा रेंगाळतो. आतून कुजलेलं असेल तर बद्द वाजतं. चांगल्या जागी खडूनं बरोबरची खूण, गेलेल्या जागी गोल. मग बाहेर येऊन हात पुसत एकच शब्द: "होईल," नाहीतर, "सोडा." मिस्त्रींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुढे कोणी हुज्जत घालत नसे. स्क्रू ड्रायव्हर घेऊन जागोजागी भोसकत बसणाऱ्या बाकीच्या मिस्त्रींची ते यथेच्छ टिंगल करायचे. लोखंड विचारलं की बोलतं, त्याला इंजेक्शनं कशाला द्यायची, असं त्यांचं म्हणणं.

पण गेलं वर्षभर लोखंड त्यांच्याशी बोलत नव्हतं. हे काही एका दिवसात झालं नाही. आधी कुकरची शिट्टी गेली, मग सायकलची घंटी, मग सकाळची पाखरं. माणसांचं बोलणं कळायचं, विशेषतः कोणी समोर उभं राहून बोललं तर. पण जगातला जेवढा म्हणून बारीक, किणकिणता आवाज होता तेवढा गुपचूप निघून गेला, आणि जाताना तो ठण् बरोबर घेऊन गेला. आता चांगलं लोखंड काय नि कुजकं काय, मिस्त्रींना सगळं सारखंच बद्द. हे त्यांनी कोणालाही कळू दिलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ज्या माणसाचा धंदाच कानावर चालतो त्यानं कानाला मशीन लावून बसायचं, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. गंजाचा रंग, रंगावर आलेले फोड, नटाखाली साचलेली भुकटी हे बघून ते वेळ मारून नेत होते. हातोडी मारायचे ती सवयीनं, आणि मान तिरकी करायचे ती गिऱ्हाइकाला दिसावी म्हणून.

आणि गंमत म्हणजे वर्षभरात त्यांचा एकही अंदाज चुकला नव्हता. त्यांच्या बायकोला, म्हणजे सगळ्यांच्या काकूंना, त्याच सुमारास गॅरेज झाडायचं वेड लागलं होतं. मिस्त्री गाडीखाली गेले रे गेले की काकू झाडू घेऊन हजर. एखाद्या ठिकाणी झाडू जो थांबायचा तो हलायचंच नाव घेत नसे. मिस्त्री वैतागून तिकडे बघायचे, आणि नेमकी तिथंच त्यांना गंजलेली जागा दिसायची. नशिबाची साथ आहे, असं त्यांना वाटायचं. पुरुषमाणसाला नशीब किती जवळ उभं आहे हे सहसा कळत नाही.

अशात एका सकाळी ती जीप आली. आली म्हणजे ट्रॅक्टरमागे दोर बांधून ओढत आणली. टपाच्या ताडपत्रीच्या चिंध्या झाल्या होत्या, बॉनेट तारेनं बांधलेलं होतं, मागच्या सीटमध्ये उंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केल्याच्या खुणा होत्या. मूळ रंग कोणता, यावर दोन माणसांचं भांडण झालं असतं. जीपबरोबर मालकीण होती. जनावरांची डॉक्टर, पस्तिशीची, गुडघ्यापर्यंत बूट, आणि बोलताना एक हात सतत जीपच्या पत्र्यावर, बिथरलेल्या गाईला शांत करावं तसा.

जीप तिच्या वडिलांची. तेही जनावरांचेच डॉक्टर. डोंगरातल्या वस्त्यांवर याच जीपनं त्यांनी उभा जन्म काढला. ते गेल्यावर सहा वर्षं ती झाडाखाली उभी होती. आता डोंगराकडचं काम लेकीकडे आलं होतं, आणि तिची छोटी गाडी पहिल्याच ओढ्यात बसली होती. तिला दुसरी कुठलीही गाडी नको होती. वडिलांच्या शेजारी बसून ज्या वाटेनं ती लहानपणी गेली, त्याच वाटेनं त्याच जीपमधून तिला जायचं होतं. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि वर म्हणाली की तुम्ही सांगाल ते मी ऐकेन, मिस्त्रीकाका, नाही म्हणालात तर नाही.

मिस्त्री जीपखाली शिरले. चासीवर बोटभर जाडीचा डांबराचा थर होता. गंज दिसेना, फोड दिसेनात, नटसुद्धा डांबरात बुडालेले. डोळ्यांना काम करायला जागाच नव्हती. त्यांनी हातोडी मारली. बद्द. पुढे सरकले. बद्द. उजवी बाजू बद्द, डावी बाजू बद्द. डांबरामुळे आवाज दबत असणार, त्यांनी स्वतःला समजावलं. झाडू आज आला नव्हता, कारण काकूंनी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि ते वर येत होतं. जीपखालून मिस्त्रींना डॉक्टरीणबाईंचे फक्त बूट दिसत होते. प्रत्येक ठोक्याला त्या बुटांच्या टाचा उचलल्या जात होत्या आणि पुन्हा टेकत होत्या. मिस्त्री त्या टाचांकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही बाजूंना भराभर बरोबरच्या खुणा केल्या आणि बाहेर येऊन म्हणाले, "होईल."

डॉक्टरीणबाईंनी आधी जीपच्या स्टेपनीला मिठी मारली आणि मग डोळे पुसले. परवापर्यंत थोडी रक्कम आणून देते, काम सुरू करा, असं सांगून त्या गेल्या. काकू दुधाचा चमचा हातात घेऊन दारात आल्या तोवर ट्रॅक्टर वळणापलीकडे गेला होता. गिऱ्हाइकासमोर नवऱ्याचा शब्द काकूंनी चौतीस वर्षांत कधी खोडला नव्हता, त्यामुळे त्या आधी आल्या असत्या तरी काय बोलल्या असत्या, कोण जाणे.

जेवायला बसल्यावर त्या मिस्त्रींच्या अगदी समोर बसल्या.

"ती जीप करू नका," त्या म्हणाल्या.

"का?"

"डावी बाजू गेलीय. मधल्या आडव्या पट्टीपासून पार मागेपर्यंत. सगळी बद्द वाजत होती."

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. मग ते चिडले. त्यांनी विचारलं की तू कधीपासून मिस्त्री झालीस.

"स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजकडे आहे," काकू म्हणाल्या. "चौतीस वर्षं दुसरं काय ऐकतेय मी?"

"डांबर आहे त्यावर. डांबरानं आवाज दबतो."

"डांबर उजवीकडेही आहे. ती बाजू ठणठण वाजली."

मिस्त्रींनी ताटाकडे बघत विचारलं, "तुला कधी कळलं?"

"कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या होत्या आणि तुम्ही शेजारी उभं राहून मला विचारत होतात, स्वयंपाकाला लागलीस का म्हणून."

तेव्हा कुठे मिस्त्रींच्या डोक्यात प्रकाश पडला. तो झाडू, ते जागेवरून न हलणं, तो वर्षभराचा नशिबाचा खेळ. त्यांना रागही आला, लाजही वाटली, आणि या बाईनं वर्षभर आपली लाज झाकली, तीही आपल्यालाच पत्ता लागू न देता, हे लक्षात आल्यावर जेवण पुढे जाईना. पाणी पिऊन ते उठले. काकूंनी ताटावर झाकण घातलं.

गॅरेजमध्ये जाऊन मिस्त्रींनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते जीपखाली शिरले आणि काकूंनी सांगितलेल्या जागी दाबला. तो थेट मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तसे ओलसर, तांबडे पापुद्रे त्यांच्या छातीवर पडले. वर त्यांच्याच हातची बरोबरची खूण होती. घाटातली उतरण, मागे सामानाची पेटी, स्टिअरिंगवर ती पोर, आणि खाली हे.

संध्याकाळी त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन करवला आणि सकाळी या म्हणून सांगितलं. काकूंनी मिस्त्रींना सोपी वाट दाखवली होती: पुन्हा नीट बघितलं तेव्हा गंज सापडला, एवढंच सांगा, खोटं काही नाही त्यात. मिस्त्रींनी मान डोलावली होती. सकाळी त्यांनी तेवढंच सांगितलंही. पण डॉक्टरीणबाई जनावरांच्या डॉक्टर असल्या तरी माणसांचीही नाडी ओळखणाऱ्या होत्या.

"काल तर तुम्ही सगळीकडे वाजवून बघितलंत," त्या म्हणाल्या. "मी इथंच उभी होते. मग काल का नाही कळलं?"

काकू दारात उभ्या होत्या. मिस्त्रींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं.

"मला तो आवाज ऐकूच येत नाही," ते म्हणाले. "वर्ष होऊन गेलं. काल मी लोखंड नाही तपासलं, तुमचं तोंड बघून हो म्हणालो. हिला ऐकू येतं. आता ही सांगेल."

एवढं बोलून त्यांनी हातोडी उचलली. काकूंनी पदर खोचला, आतून एक पाट आणला आणि जीपच्या चाकाशी टेकून बसल्या. झाडू न घेता त्या पहिल्यांदाच तिथं आल्या होत्या. मिस्त्री खाली गेले. ते ठोका मारायचे आणि पत्र्याआडून काकूंचा आवाज यायचा, चांगलंय, चांगलंय, हेही चांगलंय. डाव्या बाजूला आल्यावर काकूंचा आवाज जड झाला. गेलंय. गेलंय. मिस्त्रींनी कालची एकेक खूण फडक्यानं पुसली आणि तिथं गोल काढला. चासीची डावी बाजू निम्म्यापासून मागे गोलांनी भरून गेली.

पत्रा लावून जोडता येणार नाही का, असं डॉक्टरीणबाईंनी एकदाच विचारलं. जोडता येईल, मिस्त्री म्हणाले, सपाट रस्त्यावर दहा वर्षं चालेल, पण घाटात मी तुम्हाला त्यात बसू देणार नाही. मग बाई जीपमध्ये चढून बसल्या. वडिलांच्या जागेवर नाही, शेजारच्या. तिथूनच त्या म्हणाल्या की बाबा दरवर्षी पावसाच्या तोंडावर हिला आतून-बाहेरून धुवायचे आणि दुसऱ्याच दिवशी स्वतः डांबर लावायचे, एक वर्ष चुकवलं नाही, तरी असं कसं झालं.

मिस्त्रींना लगेच कळलं कसं झालं ते. चासीच्या पोकळीत शिरलेलं पाणी वाळायच्या आत त्या भल्या माणसानं वरून डांबर फासलं होतं, आणि दरवर्षी पाणी आत कोंडलं होतं. मायेनंच घात केला होता. ते जिभेवर आलेलं त्यांनी गिळून टाकलं.

"फार जपली होती त्यांनी," ते म्हणाले, आणि हेही खरंच होतं.

डॉक्टरीणबाई खाली उतरल्या. घाटात या जीपला काही झालं असतं तर बाबांनी मला कधी माफ केलं नसतं, त्या म्हणाल्या, सोडून देऊ या. इंजिन चांगलं आहे, कोणाच्या तरी कामी येईल, ते मिस्त्रींनीच बघावं. निघताना त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला.

"कान दाखवून घ्या, काका. माझे पेशंट काय होतंय ते सांगू शकत नाहीत. तुम्ही सांगू शकता, तर सांगत जा."

त्या गेल्यावर गॅरेजमध्ये दोघंच उरले. मिस्त्री पाटाशेजारी जमिनीवर बसले. गिऱ्हाईक गेलं होतं, शब्द गेला होता, आणि तरी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. दुपारी कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या, काकू म्हणाल्या. जाऊ या, मिस्त्री म्हणाले. मशीन लावलं तरी तो ठण् परत येईल की नाही, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं मिस्त्रींनी हातोडी काकूंच्या हातात दिली.

"उजव्या बाजूला मार एकदा," ते म्हणाले. "आणि कसा येतो आवाज ते मला सांग. मी विसरत चाललोय."

काकूंनी वाकून चासीवर हातोडी मारली आणि तो आवाज विरेपर्यंत गप्प राहिल्या. सांगायला शब्द शोधू लागल्या, पण आवाज कसा असतो ते कोणाला सांगता आलंय?

"लांबपर्यंत येतो," त्या शेवटी म्हणाल्या. "स्वयंपाकघरात तो आला की मी जेवण थोडं जास्त करायचे. त्या दिवशी तुम्हाला भूक जास्त लागायची."