सरांची वाळलेली झाडं

जगदेव सरांनी अठ्ठावीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि वाशीम जिल्हा पालथा घालून अकराशे झाडं वाळवून ठेवली. दुसरं काही कमावलं नाही. एक स्कूटर होती, तीही ढकलावी लागायची.

झाड उपटायचं, जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत दाबायचं आणि त्याच पानाच्या समासात पेन्सिलीने गाव, तारीख, माती लिहायची, ही त्यांची रीत. वही ठेवत नसत. "वही हरपते पोरी, पेपर झाडासंगच राह्यते," म्हणायचे. मी त्यांची विद्यार्थिनी. आता त्याच कॉलेजात तासिकांवर शिकवते, म्हणजे दर जूनला मी आहे की नाही ते विचारून घ्यावं लागतं.

सर वारले आणि कॉलेजला त्यांच्या झाडांच्या कपाटाची अडचण होऊ लागली, म्हणून ते सरांच्या घरी आलं. विद्यापीठाने ही झाडं आपल्या संग्रहात घ्यावीत म्हणून मी वर्षभर पत्रं लिहून पिच्छा पुरवला. अखेर तिथल्या एक मॅडम महिन्याभराने, एका मंगळवारी बघायला येते म्हणाल्या. कॉलेजात परीक्षा चालू होत्या, मला सवड नव्हती. मी सरांच्या पत्नीला, तुळसाकाकूंना, फोन केला. "झाडं पाहाले पाहुण्या येऊन राह्यल्या. साफसूफ करून ठेवजा फक्त," म्हटलं आणि ठेवून दिला.

त्या मंगळवारी मॅडमसमोर कपाट उघडलं. प्रत्येक झाड कोऱ्या पांढऱ्या कागदावर होतं. देठ सुईदोऱ्याने, बारीक टाके घालून शिवलेले. इतकं देखणं काम मी कुठे पाहिलं नव्हतं.

"काकू, जुने पेपर कुठी हायेत?"

"जाळले ना माय. वाळवी लागली होती त्याले. आठ दिवस आंघोळीचं पाणी तापवलं त्याच्यावर." काकू हसल्या. "डोळे गेले माहे, पण एक पान तुटू नाही देलं."

मॅडमनी पन्नासेक कागद उलटले आणि चष्मा काढला. त्यांनाही वाईट वाटलं. "झाड कुठून आणलं, कधी, काहीच कळत नाही. अशी घेता येत नाहीत आम्हाला," म्हणाल्या. चहा घेतला आणि दुपारच्या गाडीने निघून गेल्या.

मला भयंकर राग आला होता आणि तो काढायला माणूस नव्हतं. साफ करा, असं मीच सांगितलं होतं. दहा मिनिटांवर राहून एक चक्कर मारली नव्हती.

काकूंनी आतून एक पिवळं पान आणलं. "हे तेवढं ठेवलं. याच्यावर माहं नाव हाय. बाकीच्यावर नुसते गावांचे नावं होते."

समासात सरांचं बारीक अक्षर होतं: रिठद, ओढ्याकाठी, काळी माती. झाडाचं नाव सापडत नाही. तुळसा सोबत होती.

"याच्यातलं झाड कोणतं व, शुभांगी?"

मी कपाटातल्या अकराशे पांढऱ्या कागदांकडे पाहिलं. हाताला लागला तो उचलला. "हे," म्हणाले. सरांच्या संग्रहातली पहिली खोटी नोंद मी केली.

काकूंनी ते झाड टाक्यांसकट पेपरच्या घडीत ठेवलं, वरून हात फिरवला.

"एवढं एक तं घेतीन ना त्या?"

मी हो म्हणाले.