तीनदा धुतलेली चादर

चर्चच्या मंडळीत मला सगळे निळी म्हणतात. प्रभुभोजनाच्या मेजावरची पांढरी चादर मी धुते आणि नीळ घातल्याशिवाय ती वाळत टाकत नाही, म्हणून. आधी हे काम आईकडे होतं. तिचा नियम साधा होता. चादर शुक्रवारी धुवायची, उघड्यावर वाळवायची आणि रविवारी दोरीवरून काढून थेट मेजावर अंथरायची. मध्ये इस्त्री नाही की झटकाझटकी नाही. देवाच्या उन्हात वाळलेलं देवाच्या मेजावर, असं ती म्हणायची.

नऊ वर्षांपूर्वी चर्चमागच्या वीजकेंद्राची दुसरी चिमणी धूर ओकायला लागली आणि मी आईचा नियम मोडला. दुपारपर्यंत चादरीवर कोळशाचे काळे ठिपके पडायचे. मी ती पुन्हा धुवायची, पुन्हा ठिपके. मग तिसऱ्यांदा धुऊन आतल्या खोलीत खिडक्या लावून वाळवायची. रविवारी लोक म्हणायचे, निळीचा हात लागला की कापड उजळतं. मीही खुळ्यासारखी फुशारून जायची.

त्या शुक्रवारी मी चादर पिळत होते तेव्हा दादा आला. माझा थोरला भाऊ. मंडळीचा सेक्रेटरी आणि वीजकेंद्रात स्टोअरकीपर.

"निळे, ह्या रविवारी चादर अशी काढ की साहेबांचे डोळे दिपले पाहिजेत."

"कुठले साहेब?"

"आमचे. उपासना झाली की चर्चच्या मागच्या जागेचा ठराव आहे. तिसरी चिमणी होतेय, कोळसा टाकायला जागा हवी. आपण जागा द्यायची, ते चर्चला नवं छप्पर देणार. सगळे तयार आहेत."

आत आमच्या ह्यांना खोकल्याची उबळ आली. तीस वर्षं त्याच केंद्रात बॉयलरवर काढलीत त्यांनी.

"नव्या छपराखाली बसून काय करायचं, दादा? खोकायचं?"

"तुला वीज नको का?"

"मला दोन दिवे नि एक पंखा पुरतो. खाडीकाठच्या वस्तीत तेवढंही नाही, आणि तीन वर्षांत दोनदा पाणी शिरलं ते त्यांच्याच घरांत. हवा आपण तापवायची, बुडायचं त्यांनी! शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणून दर रविवारी वाचतोस ना? मग ते कोण आहेत?"

"एका चिमणीने समुद्र चढतो होय?"

"प्रत्येक चिमणीवाला हेच म्हणतो, आमची एकच आहे."

"तू चादरीचं बघ," म्हणून दादाने पायात चपला सरकवल्या.

दुपारी ठिपके पडलेच. सवयीने मी बादली भरायला घेतली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादावर नाही, माझ्यावरच. नऊ वर्षं मंडळीच्या डोळ्यांत धूळ कुणी फेकली? साहेबांनी नव्हे, मी! त्यांची घाण मी फुकटात धुऊन देत होते आणि वर शाबासकी घेत होते. मी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून राहिले.

रविवारी आईच्या नियमाप्रमाणे चादर दोरीवरून काढली आणि थेट मेजावर अंथरली. दोन दिवसांत ती राखाडी झाली होती. चिमटे लावले होते तिथे तेवढे बोटभर पांढरे चौकोन राहिले होते.

दादा तरातरा पुढे आला. "बदल ती!"

"नाही. आईने वाळवायची तशीच वाळवलीय."

पहिल्या बाकावरचे साहेब हसून म्हणाले, "बाई, कपडे वाळवायचं मशीन देऊ आम्ही तुम्हाला."

"फुप्फुसं धुवायचं आहे का, साहेब?"

कुणीतरी फिसकन हसलं. उपासना चालवणारे आमचे पाळक तरुण आहेत, भांडणाला घाबरतात. त्यांनी चादरीवर तळहात फिरवला, तो उलटा करून बघितला. मला वाटलं, आता मला बाहेर काढतात. काढा म्हणावं, चादर मी उचलणार नव्हते.

"चादर राहू दे," ते म्हणाले. "आज भाकर हिच्यावरच मोडायची."

लोक एकेक करून मेजापाशी येऊन गुडघे टेकत होते. उठताना मेजाचा आधार घ्यावाच लागतो. प्रत्येक जण आपली बोटं बघत जागेवर गेला. दादाही.

उपासना संपली. दादाने ठराव वाचला. "मान्य असेल त्यांनी हात वर करा." आमच्याकडे सेक्रेटरीचा हात पहिला वर जातो, मग बाकीचे. दादा आपल्या काळ्या बोटांकडे बघत राहिला. हात काही उचलला नाही. मग कुणाचाच उठला नाही.

साहेब जाता जाता म्हणाले, "जागा दुसरीकडे मिळेल." मिळो. आमच्या हाताने नाही.

सोमवारी दादाची बदली स्टोअरमधून राखेच्या खड्ड्यावर झाली. पुढच्या शुक्रवारी मी चादर पिळत असताना तो माझ्या दारात आला तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा पांढरट झाल्या होत्या. माझ्यामुळेच ना हे! पण चूक झाली असं मी म्हटलं नाही.

"इतकी वर्षं किती वेळा धुवायचीस गं?"

"तीनदा."

"आणि आता?"

"एकदाच."

"मग नीट पिळ तरी," म्हणत त्याने चादरीचं दुसरं टोक धरलं.